धुतलेला कचरा

ओट्याशी येऊन तिने चहाचं आधण ठेवलं आणि भांड्यांच्या जाळीत, कपबश्यांच्या शेजारी, तिला आपणच काल उचललेला कचरा उपडा घातलेला दिसला. आधी वाटलं, डोळ्यांवर अजून झोप आहे. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, सरबताच्या बाटल्या, एक चेपलेला पत्र्याचा डबा. सगळं कसं लख्ख, थेंब निथळत असलेलं. त्यातली एक बाटली तिने ओळखली. निळ्या बुचाची, उन्हाने अर्धं लेबल करपलेली. काल संध्याकाळी टेकडीच्या वाटेवर, बाकाच्या पुढच्या वळणावर, काटेरी झुडपातून ती ओढून काढताना मनगटावर ओरखडा उठला होता, तो अजून चुरचुरत होता. तिने मनगट पाहिलं, बाटली पाहिली, पुन्हा मनगट पाहिलं. मग काहीतरी वाटून ती गॅलरीत गेली. दोरीवर नवऱ्याचा हिरवा टी-शर्ट वाळत होता आणि त्याच्या शेजारी, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली, वेफर्सची आणि बिस्किटांची पाकिटं ओळीने डुलत होती.

नवरा आरशासमोर भांग पाडत होता. लग्न झाल्यापासून त्या माणसाने स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नव्हता. कप जिथे संपायचा तिथेच राहायचा. खिडकीत, टीव्हीवर, एकदा तर चपलांच्या कपाटावर. आणि आज पहाटे तिच्या आधी उठून, तिच्या ओट्याशी उभं राहून, तिच्या घासणीने त्याने कचरा घासला होता.

“अहो, हे काय आहे?”

“कुठलं काय?”

“बाटल्या.”

“अगं, साबण लावून धुतल्यात, घाबरू नकोस.”

“कचरा धुतलात तुम्ही?”

“मग? उद्यानखात्याचे साहेब हात लावणार आज. त्यांच्या हाताला काही लागलं-बिगलं म्हणजे? वाटेवर थोडं थोडं टाकायचं, ते उचलतील, फोटो निघेल, झालं. तू काल सगळी वाट झाडूनपुसून ठेवलीस. आता त्यांनी उचलायचं काय, खडे?” असं म्हणून तो आरशात हसला आणि कंगवा झटकला. “चहा झाला का?”

चहा झाला नव्हता. आधण उकळून आटत चाललं होतं आणि ती त्याच्याकडे बघत उभी होती. काल तिने पोत्याचं तोंड बांधून ते टेकडीच्या फाटकाशी, पहारेकऱ्याच्या खोपटामागे ठेवलं होतं. कचऱ्याची गाडी दुपारी येते, तोवर तिथेच असतं. म्हणजे हा काळोखात गेला असणार, पोतं खांद्यावर टाकून जिने चढला असणार, आणि मग निवडत बसला असणार: फुटकी काच नको, चिखलाने थापलेलं काही नको, ज्याच्याकडे बघून नाक मुरडावं असं काहीच नको. साहेबांना शोभेल असा कचरा. चांगल्या घरातला. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिला राग आला होता. पण नक्की कशाचा, हे तिला चटकन सांगता आलं नसतं, आणि सांगता येत नाही म्हणून तर ती आजवर कितीदा मूग गिळून गप्प बसली होती.

टेकडीवर ती पहिल्यांदा गेली ती गुडघ्यांसाठी. डॉक्टर म्हणाले, चाला. रस्त्यावर गाड्या, फुटपाथवर गाड्या, तेव्हा चालायचं तर कॉलनीमागच्या टेकडीवर. तिथे पाण्याच्या टाकीपर्यंत चढत गेलेली पायवाट होती आणि तिच्या दोन्ही अंगांना वर्षानुवर्षांचं साचलेलं. पहिले काही दिवस ती मान ताठ ठेवून चालली, खाली बघायचं नाही म्हणून. एक दिवस चपलेला चॉकलेटचा कागद चिकटला. तो काढून टाकायचा तर कुठे टाकायचा? तिने तो खिशात घातला. घरी येऊन डब्यात टाकला तेव्हा उगीचच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी एक पिशवी नेली. मग पोतं. मग लोखंडी चिमटा, ज्याचा टकटक आवाज तिला पुढे झोपेतही ऐकू यायचा. उचलल्यावर खालची माती दिसायची: ओलसर, काळी, बाटलीच्या आकाराची. तिच्यात कधी गोगलगाय, कधी पांढुरका, उजेड न मिळालेला कोंब. काही दिवसांनी तो कोंब हिरवा होत असे. हे ती कुणाला सांगत नसे. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

नवऱ्याला मात्र तेव्हा लाज वाटायची. “लोक विचारतात मला, वहिनी कचरा का वेचतात म्हणून. पेन्शन पुरत नाही का, असं विचारलं एकाने!” तो कारखान्याच्या भांडारात मुख्य होता, हाताखाली माणसं होती, त्याच्या सहीशिवाय खिळा हलत नसे. निवृत्त झाल्यावर त्याला मुख्य व्हायला काही उरलंच नव्हतं. घरात बसून तो घड्याळाच्या काट्यांना शिस्त लावत असे. मग हळूहळू तळमजल्यावरचा शिंपी तिच्याबरोबर येऊ लागला, कोपऱ्यावरची दाताची डॉक्टरीण आली, शेजारच्या इमारतीतल्या दोघी बहिणी आल्या. बायकोमागे चार माणसं चालताहेत हे पाहिल्यावर नवऱ्याची लाज कुठल्या कुठे पळाली. त्याने मंडळ काढलं. मंडळाला अध्यक्ष लागतो, तो झाला. टी-शर्ट आले, फलक आला, फलकावर अध्यक्षांचा फोटो आला. पहिल्या सभेत तो म्हणाला, “या टेकडीचं दुःख मला बघवेना.” ती मागच्या रांगेत थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. शिंप्याने वळून तिच्याकडे पाहिलं, तर तिने नजर थर्मासच्या झाकणावर ठेवली. सभा संपल्यावर कुणीतरी म्हणालं, “वहिनी, चहाचं तेवढं बघाल ना?” आणि तिने बघितलं.

तिने नेहमीच बघितलं होतं. नवऱ्याची आई असताना पाहुणे यायच्या दिवशी सगळं घर घासायचं ते तिने, आणि पाहुणे दारात आले की हातात फडकं घेऊन उभं राहायचं ते सासूबाईंनी. “या या, जरा आवरतच होते.” त्या बाईंना तिने कधी दोष दिला नाही. त्यांच्याही वाट्याला कधीतरी नुसतं घासणंच आलं असेल. पण घासलेली फरशी कुणाला दिसत नाही, हे तिला फार लवकर कळलं. फरशीवर सांडलेलं दिसतं. दोन दिवस अंथरुणाला खिळलं की घरातल्यांना घर दिसायला लागतं. नवरा आज तेच तर म्हणत होता, फक्त त्याला ते ठाऊक नव्हतं. स्वच्छ वाटेचा फोटो कसा काढणार? ती तर नुसती वाट.

चहा न देताच ती पायात बूट घालून, चिमटा आणि रिकामं पोतं घेऊन बाहेर पडली. नवरा मागून बाटल्यांची पिशवी घेऊन आला. त्याने पाकिटं चिमट्यांतून काढून इस्त्रीच्या कपड्यांसारखी एकावर एक ठेवली होती. फाटकाशी शिंपी थांबला होता. अध्यक्षांच्या हातातली पिशवी, वहिनींचा चेहरा, असं त्याने एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिलं आणि तो आपल्या बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

नवरा वाटेला लागला. आणि मग तिने ते पाहिलं, जे नुसतं ऐकून इतकं लागलं नसतं. तो कचरा टाकत नव्हता, मांडत होता. एक बाटली बाकाशी, लेबल वर करून. मागे सरकून, मान तिरकी करून बघायचं, पुन्हा वाकून ती जरा गवतात सरकवायची. एक पाकीट झुडपाच्या अगदी कडेला, म्हणजे साहेबांना वाकावं लागू नये. कालच्याच त्या काटेरी झुडपाच्या. निळ्या बुचाची बाटली त्याने तिथे, मोकळ्या मातीवर ठेवली, जिथे कालच तिने खाली दबलेलं गवत बोटांनी उकललं होतं. त्याची पाठ तिच्याकडे होती. हिरव्या टी-शर्टवर मोठ्या अक्षरांत ‘अध्यक्ष’. मानेवर साबणाचा फेस वाळलेला होता. इतकं मन लावून हा माणूस घरातलं काही कधी करेल असं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं, आणि तो करत होता तर हे करत होता.

तिच्या मनात त्या क्षणी रुग्णालय आलं. ती तिथे पूर्वी कपड्यांच्या कोठारात कामाला होती. चादरी, अभ्रे, फाटलेलं शिवणं, मोजून देणं. बडे पाहुणे येणार असले की बायकांच्या वॉर्डात कोऱ्या चादरी पडायच्या आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की त्या काढून पुन्हा कोठारात यायच्या. कुणाला त्यात काही वाटत नसे. एकदा एक म्हातारी चादरीवर मांडी घालून बसली ती बसलीच. “मी नाही उठायची. न्यायची असेल तर मलाही घडी घालून न्या.” मोठ्या सिस्टर आल्या, समजावलं, दटावलं, डॉक्टरांना बोलावते म्हणाल्या. म्हातारी म्हणाली, “बोलवा. त्यांनाही बसायला जागा आहे.” सगळा वॉर्ड हसला. चादर राहिली. ती कोठाराच्या दारात तोंडावर हात धरून हसली होती, आणि घरी जाताना बसमध्ये, का कोण जाणे, रडली होती. म्हातारीचा चेहरा तिला आता आठवत नव्हता. तिची मांडी आठवत होती, हाडकुळी, घट्ट रोवलेली.

तिने चिमटा पुढे केला. टक. बाकाशेजारची बाटली पोत्यात गेली. टक. पाकीट. नवरा पुढे मांडत चालला होता आणि ती मागून उचलत चालली होती, दोघांत एका वळणाचं अंतर. शिंपी मध्येच कुठेतरी अडकल्यासारखा उभा होता. त्याच्या तोंडून “वहिनी...” एवढंच निघालं आणि मग त्याने तोंड फिरवून आकाशात काहीतरी शोधायला घेतलं. वर टाकीपाशी पोचल्यावर नवऱ्याने समाधानाने हात झटकले आणि मागे वळून आपली वाट पाहिली. वाट कोरी होती. तिच्या टोकाला बायको उभी होती, पोतं घेऊन.

“हे काय केलंस?”

“उचललं.”

“अगं, डोकं फिरलंय का तुझं? खाली गाडी येईल आता!”

“येऊ दे.”

तो जवळ आला. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण त्याने आवाज खाली आणला, आणि ती नेहमी त्या खालच्या आवाजालाच हरत आली होती. “ऐक. ही वाट साहेबांनी मंडळाकडे दिली नाही, तर इथे वर खाण्याच्या गाड्या लागतील. तो प्रस्ताव त्यांच्या टेबलावर आहे. मी काय स्वतःसाठी करतोय? तुझ्याच टेकडीसाठी करतोय. दहा मिनिटांचं सोंग आहे. त्यांना उचलू दे, हसू दे, जाऊ दे. नंतर सगळी वाट तुझी.”

तिला भीती वाटली. खरीखुरी. टाकीभोवतीची सपाट जागा तिच्या डोळ्यांसमोर आली. तळणाचा वास, तेलकट कागद, सांडपाण्याचे ओघळ, आणि उतारावरून खाली, झुडपाझुडपांत अडकत गेलेले कप. नवरा खोटं बोलत नव्हता. तो चुकतही नसेल. आपण हट्टाला पेटून आपल्याच हाताने हे सगळं घालवतो आहोत, असं तिला स्पष्ट दिसलं. पोत्याचं तोंड तिच्या मुठीत होतं. मूठ सोडायची, एवढंच. पोतं कलंडलं असतं, काम झालं असतं, संध्याकाळी नवऱ्याने सभेत भाषण केलं असतं आणि तिने चहाचं बघितलं असतं. आणि पुढच्या साहेबांच्या वेळी? पुन्हा घासणी, पुन्हा साबण. पुढे पुढे तर नवऱ्याला कालचा कचराही लागला नसता, तो बाजारातून नवीन घेऊन आला असता. दाखवण्यासाठी ही वाट घाण करायची, तीही मी, माझ्या हातांनी. नाही, असं ती मनात म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने म्हणालो आहोत.

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. तुम्ही पुन्हा टाका, मी पुन्हा उचलते. बघू कोण आधी दमतं ते.”

खाली फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू भांडारातून कुणीतरी त्याच्या सहीशिवाय अख्खं कपाट उचलून नेलं होतं. मग तो टी-शर्ट खाली ओढत उतारावरून जवळजवळ धावत गेला.

उद्यानखात्याचे मोठे साहेब चांगले जाडजूड, हसतमुख गृहस्थ होते. हातात कोरे पांढरे हातमोजे, मागे फोटोवाला, त्याच्या मागे मंडळ. ते बाकापर्यंत आले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हातातला चिमटा त्यांनी एकदा हवेत वाजवला. “वा,” ते म्हणाले. आणखी एका वळणाने पुन्हा म्हणाले, “वा.” टाकीपर्यंत येईतो त्यांचा ‘वा’ बराच बारीक झाला होता आणि कपाळावर घाम आला होता. फोटोवाला व्यवहारी माणूस. त्याने खिशातून गोळी काढली, तोंडात टाकली आणि कागद साहेबांच्या बुटापुढे सोडला. “साहेब, हा घ्या. जरा वाका, इकडे बघा...” साहेब वाकले. चिमटा उघडला. तेवढ्यात बाजूने टक असा आवाज झाला आणि कागद नाहीसा झाला. साहेब वाकलेलेच राहिले. फोटो निघाला, त्यात साहेब मातीकडे बघून हसत होते.

दोघी बहिणींपैकी धाकटीला हसू आवरेना, ती थोरलीच्या पाठीमागे लपली. साहेब सरळ झाले. “या कोण?” त्यांनी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला होता. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून ती आणखीच ताठ उभी राहिली.

“मी इथे कचरा उचलते,” ती म्हणाली.

“पण इथे कचरा तर कुठे दिसत नाही. मग मंडळ नेमकं करतं काय?”

“तेच.”

“अं?”

“दिसत नाही, तेच करतं. काल आला असतात तर दिसला असता. उद्या या, उद्याही असेल. लोक टाकतातच. फोटोवाल्याला आणू नका, तोही टाकतो.”

दाताची डॉक्टरीण “बरोबर आहे” असं म्हणाली, फार मोठ्याने नाही, पण म्हणाली. शिंप्याने मान हलवली. साहेबांनी हातमोजे काढून नीट घडी केली आणि ते अध्यक्षांकडे वळले. हसू आता चेहऱ्यावर नव्हतं. “असं आहे, की ही जागा खात्याची आहे. इथे कुणी काय करायचं याला काही पद्धत आहे. रीतसर परवानगी मिळेपर्यंत तुमच्या कुणीही इथे काम करू नये. कुणीही. आलं लक्षात?” अध्यक्ष म्हणाले, “हो साहेब.” गाडी गेली. मंडळ फाटकाशी थोडा वेळ घुटमळलं आणि एकेक करून पांगलं. तिने पोतं ओढत नेलं आणि दुपारच्या गाडीची वाट बघत खोपटाच्या सावलीत बसून राहिली. गाडी आली, पोतं आत गेलं, लोखंडी पाटा त्यावर उतरला, आणि धुतलेल्या बाटल्या फुटल्याचा आवाज तिने उभं राहून ऐकला.

घरी नवरा गॅलरीत खुर्ची टाकून टेकडीकडे पाठ करून बसला होता. “घालवलंस,” तो म्हणाला. “सगळं घालवलंस. माझं जाऊ दे, मी तोंडघशी पडलो ते पडलो. पण तुझंही घालवलंस.” त्याच्या आवाजात राग कमी होता आणि दुसरं काहीतरी जास्त होतं, आणि ते तिला झोंबलं. तिने जाळीतली भांडी पुन्हा घासली. संध्याकाळी तिचं मन शंभरदा टेकडीवर जाऊन आलं. आपण बरोबर केलं का? ती म्हातारी निदान चादर मिळवून बसली होती, आपण काय मिळवलं? गाड्या लागल्या तर? त्या काय, आज नाही तर उद्या लागणारच होत्या, असं म्हणून मनाची समजूत घालायचा तिने प्रयत्न केला, पण समजूत पटली नाही. फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येत होती: वाटेवर उभं राहून ‘नाही’ म्हटल्यावर छातीत जी जागा मोकळी झाली होती, ती अजून मोकळीच होती. भीती तिथे येऊन बसू पाहत होती आणि तिला बसता येत नव्हतं.

सकाळी ती रोजच्या वेळी उठली. चहा केला, एक कप नवऱ्यापुढे ठेवला, स्वतःचा उभ्यानेच प्यायली. गॅलरीत उभं राहून पाहिलं तर बाकाशी काहीतरी चमकत होतं. रात्री कुणीतरी येऊन बसून गेलं असणार. तिने बूट घातले. दारामागचा चिमटा घेतला, रिकाम्या पोत्याची घडी काखेत मारली.

“कुठे निघालीस?” नवरा दारात आला. रात्रीत तो जरासा वाकल्यासारखा दिसत होता. “अगं, परवानगी नाहीये आपल्याला. काल ऐकलंस ना सगळ्यांसमोर? पहारेकऱ्यालाही सांगून ठेवलं असेल त्यांनी. हटकेल तो तुला.”

“हटकू दे.”

“आणि परवानगी विचारली तर काय सांगशील?”

ती पायरीवर थांबली आणि वळली.

“विचारेन त्याला, टाकणाऱ्यांनी कुणाची घेतली होती?”

ती जिना उतरायला लागली. गुडघे दुखत होते. पायरीगणिक चिमटा कठड्याला लागत होता आणि त्याचा आवाज घराघरांत जात होता. तिने तो जाऊ दिला.